चाकामागचा दगड

दसऱ्याला आमच्या खळ्यात वडिलांची जीप उभी होती. माझा थोरला भाऊ नाना, त्याच्या मुलानं वर्षभराचे रविवार घालवून ती पुन्हा चालू केली होती. नवा हिरवा रंग, नवं हूड, बॉनेटवर झेंडूची माळ. आणि खाली, गाडीच्या बरोबर मध्यावर, जमिनीवर पुठ्ठ्याचा एक तुकडा. त्यावर तेलाचे काळे थेंब.

एका पाहुण्यानं विचारलं, "हे काय, गळतेय वाटतं?"

"जुनी जीप आहे काका, गळणारच," पुतण्या हसत म्हणाला. "गळायची थांबली की समजायचं, आतलं तेल संपलं."

सगळे हसले. त्याला आणखी चेव आला. "ह्याच गाडीनं आमच्या आजीचा पाय मोडला. मिस्त्री दारुडा होता. ब्रेक न बघताच गाडी दिली त्यानं."

माझ्या हातात वाटायला आणलेली आपट्याची पानं होती. ती खिशात कोंबून मी घरात निघून गेलो.

दोन गोष्टी, आणि दोन्ही खोट्या. पहिल्या खोट्याशी, त्या "गळणारच"शी, काशिनाथ मिस्त्री जन्मभर भांडला. दुसरं खोटं माझं आहे. त्यात दारू नंतर कुणीतरी ओतली, पण पेला मी पुढे केला होता. काशिनाथ मिस्त्री दारूला शिवत नव्हता. तंबाखूसुद्धा नाही. तोंडात सदा एक लवंग, बस्स. हे मला माहीत होतं आणि पंधरा वर्षं मी गप्प होतो.

मिस्त्रीची शेड शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, किन्हवलीच्या अलीकडे, एका चढाला होती. चार सागाचे खांब, वर पत्रे, मागे त्याचं दोन खोल्यांचं घर. चढावर गॅरेज कुणी काढतं का? पण तेवढीच जागा त्याला मिळाली. सपाट जागा ज्यांच्या होत्या त्यांनी दिल्या नाहीत. आमचीही एक होती. नानानं सांगितलं, "काशा, तिथं आमी भाताच्या पेंढ्या रचतो." पेंढ्या वर्षातून दोन महिने. उरलेले दहा महिने तिथं आमची कुत्री झोपायची.

चढामुळे त्याला एक सवय लागली होती. गाडी शेडमध्ये आली की तो आधी चाकामागं दगड लावायचा. मग पाना. हँडब्रेक ओढलेला असो, गाडी गिअरमध्ये असो, मालक उतरून "लावलाय हो ब्रेक" म्हणून ओरडत असो. "ब्रेक तुमचा, दगड माजा," असं म्हणून तो दगड पायानं सारायचाच. शेडच्या कडेला त्यानं नदीतले गोटे रांगेनं मांडून ठेवले होते. ट्रॅक्टरचे वेगळे, जीपचे वेगळे, टेंपोचे वेगळे. आम्ही हसायचो. नाना म्हणायचा, "काशाचं गॅरेज हाय का देवस्थान?"

दुसरी गोष्ट म्हणजे त्याचे पाय. दिवसातला निम्मा वेळ तो गाडीखाली, त्यामुळे गिऱ्हाईक बोलायचं ते त्याच्या पायांशी. आवाज आतून यायचा आणि मनातलं पायाच्या बोटांवरून कळायचं. काम जमत असलं की डावा पाय हळूहळू हलायचा. कुणी घाई केली की अंगठा ताठ उभा राहायचा. एकदा खर्डीचा एक दुकानदार टेंपो घेऊन आला. "मिस्त्री, गळतंय तिथं शेलॅकची लाख फासा आणि द्या सोडून, मला टाइम नाय," म्हणाला. गाडीखाली दोन्ही अंगठे उभे राहिले. मग आवाज आला, "शेलॅक तुमच्या दुकानात पण मिळल. फासायला माजी काय गरज?" तो माणूस तासभर गपचूप बाकड्यावर बसला.

गळतीवर त्याचा फार राग. तेल गळण्यावर तेवढा नव्हता, जेवढा "गळणारच" म्हणणाऱ्यांवर होता. भातसा धरणाचं काम चालू असताना तो प्रकल्पाच्या वर्कशॉपात हेल्पर होता, सगळी विद्या तिथली. म्हणायचा, "धरण थेंबभर पाझरलं तर दहा इंजिनेर धावतात. जीप गळली तर म्हणतात, जुनी हाय. का? तिच्या पोटात तेल नाय, पाणी हाय?" तेल दिसतं तिथून गळत नसतं, हे त्यानं मला शिकवलं. ते वरून कुठूनतरी निघतं, लोखंडावरून ओघळत येतं आणि खालच्या टोकाला थेंब धरतं. लोक थेंबाला दोष देतात. म्हणून तो आधी सगळं रॉकेलनं धुवायचा, कापडानं कोरडं करायचा, त्यावर खडूची भुकटी मारायचा आणि गाडी मैलभर फिरवून आणायचा. पांढऱ्यावर पहिला ओला डाग जिथं उमटेल तिथं चोर. खडूचे तुकडे मी पुरवायचो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. दर शनिवारी रुमालात बांधून तुकडे न्यायचो. "गुरुजी, तुमचा खडू फळ्यापेक्षा इथं जास्त खरं बोलतो," तो म्हणायचा. मला ते तेव्हा कौतुक वाटायचं.

आमच्या घरी तो एकदा जीप बघायला आला होता. माझ्या वहिनीनं चहा आणून दिला, वळचणीला ठेवलेल्या कान तुटक्या कपातून. तो कप कुणासाठी ठेवलेला असतो हे गावात सगळ्यांना ठाऊक. आमचं घर जुनं कुणब्याचं, त्याचं बौद्धवाडीतलं. मिस्त्रीनं कप उचलला, उजेडात धरला, तळाशी बोट फिरवलं.

"वहिनी, ह्याला तडा हाय. गळतोय."

"नाय हो, कुठं गळतोय?"

"गळतोय. मला कळतं." आणि पिशवीतून स्वतःचा स्टीलचा ग्लास काढून त्यानं चहा त्यात ओतून घेतला. कप उपडा घालून उंबऱ्यावर ठेवला. नाना खवळला, पण बोलणार काय? मी खाली बघत बसलो. मी त्या घरात तेव्हाही खाली बघतच बसायचो.

आता जीपची गोष्ट. धरणाचं काम संपल्यावर वडिलांनी ती प्रकल्पाच्या लिलावात घेतली. वडील गेल्यावर ती आंब्याखाली उभीच राहिली. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आमच्या धाकट्याचं लग्न ठरलं तेव्हा नानाच्या डोक्यात आलं, नवरदेव हळदीला वडिलांच्या जीपमधून मांडवात आला पाहिजे. मिस्त्रीनं जीप बघितली आणि हसला. वर्कशॉपात त्यानं तिचा गिअरबॉक्स दोनदा उतरवला होता. "ही माजी ओळखीची," म्हणाला.

इंजिन आठवड्यात चालू झालं. गळती मात्र हटेना. त्या जीपला गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक डबा असतो, चारी चाकांना ताकद वाटणारा. त्याच्या मागच्या तोंडातून तेल यायचं. मिस्त्रीनं सील, म्हणजे शाफ्टभोवतीची रबरी कडी, बदललं, तरी यायचं. शाफ्टवर नख फिरवून खाच लागते का ते बघितलं, कागदाच्या जाडीएवढं सील पुढं सरकवलं, तरी यायचं. तीन दिवस त्याचा अंगठा उभा. चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी गेलो तर आतून "फुस्स" असा आवाज आला. मिस्त्री खालून सरपटत बाहेर आला आणि त्यानं तळहात पुढे केला. त्यावर बाभळीची छोटी खुंटी.

"गुरुजी, ही कारागिरी कोणाची?"

माझीच होती. त्या डब्याच्या डोक्यावर एक बारीक भोक असतं, ब्रीदर म्हणतात. आतली हवा तापली की तिथून बाहेर पडते. वडील असताना एका पावसाळ्यात मी ओहोळातून जीप घातली होती. पाणी आत शिरेल म्हणून मीच खुंटी तासून ते भोक बंद केलं, आणि विसरून गेलो.

मिस्त्री जमिनीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "अवो, वरनं तोंड दाबलं की ती खालनं बोलणारच ना!"

तेवढ्यात नाना आला. "काय निघालं रे काशा?"

मिस्त्रीनं खुंटी खिशात टाकली. "सील जुनं होतं नानाशेठ."

त्यानं मला सांभाळून घेतलं. माझ्या एका मूर्खपणापायी त्याचे चार दिवस फुकट गेले, आणि माझ्या भावासमोर माझी फजिती होऊ नये म्हणून तो साधं खोटं बोलला. आयुष्यात त्याच्या तोंडून मी ऐकलेलं तेवढं एकच खोटं.

गळती थांबली. पण एवढ्या दिवसांत आणखी एक झालं होतं. त्या जीपचा हँडब्रेक चाकांना नसतो. तो त्याच डब्याच्या मागच्या तोंडाला असतो. गळलेलं सगळं तेल ब्रेकच्या लायनरमध्ये, पकड धरणाऱ्या पट्ट्यांत, मुरलेलं. दांडी कितीही ओढा, पकड शून्य. नवे लायनर कल्याणला मिळणार होते. हळदीच्या दिवशी सकाळी तो निघाला. मी शाळेत जाताना शेडवर थांबलो होतो. त्यानं मला समोर उभं केलं आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं.

"गुरुजी, जुने लायनर नुसते मिरवायला बसवलेत. पायाचा ब्रेक लागल, हाताचा नाय. मी येईतोवर गाडी हलवायची नाय. उद्या वरातीला घ्या, हळदीला नको. आणि देवानं बुद्धी दिलीच हलवायची, तर चाकामागं दगड. कळलं?"

"कळलं."

दुपारी नाना शाळेत आला. "जीप कुठाय? पावणे यायला लागले. मास्तर, तुला एवढं एक काम सांगितलं, तेवढं पण जमत नाय? बाबांच्या गाडीबिगर हळद लावायची?" मास्तर हा शब्द तो अशा वेळीच वापरायचा. मी सायकलवर टांग टाकली आणि शेडवर गेलो. मिस्त्रीची बायको सुमन भात पाखडत होती.

"वहिनी, चावी द्या. मिस्त्रींनी न्यायला सांगितलंय."

तिनं सूप खाली ठेवलं आणि हात पुसून चावी दिली. एका शब्दानं विचारलं नाही. गुरुजी होतो ना मी.

जीप मस्त चालली. हॉर्न वाजवत मी अंगणात आणली. मांडव खाली खळ्यात, अंगण वर, मध्ये उतार. मुलं धावली, नाना हसला, मी दांडी ओढली आणि उतरलो. हँडब्रेक लागल्यासारखा कट्‌कट्‌ आवाज झाला. दगड? त्या क्षणी मला दगड आठवला. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. मला आठवला होता. अंगणाच्या कडेला पडलेलाही दिसला. पण पाहुण्यांसमोर, नव्या सदऱ्यात, वाकून चाकामागं दगड लावायचा? लोक म्हणाले असते, काशाचा चेला. मी लावला नाही.

मी पाणी प्यायला आत गेलो. बाहेर हळद दळताना बायका धवळे गात होत्या, त्यात आमच्या काकीचा, म्हणजे पुतण्याच्या त्या आजीचा, आवाज सगळ्यांच्या वर. तो आवाज मध्येच तुटला.

जीप उतारावरून गेली होती. काकी जात्यावर पाठमोरी बसलेली. मांडीचं हाड मोडलं. ठाण्याला नेलं, सळी घातली, दोन महिने तिथं. जीव वाचला, पण त्यानंतर ती काठीशिवाय चालली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री एसटीतून उतरला. हातात लायनरचं पुडकं. रात्री उशीर झाला म्हणून तो कल्याणला नातेवाइकाकडे राहिला होता, त्याला काहीच माहीत नव्हतं. शेडसमोर नाना, आणखी चौघे, आणि मी. नानानं विचारलंच नाही, आधी कानाखाली मारली.

"हात आवरा नानाशेठ! झालं काय ते तरी बोला."

"काकीचा पाय गेला तुझ्यापायी! ब्रेक नाय आणि गाडी देतोस?"

"मी दिली? मी इथं नव्हतोच." तो माझ्याकडे वळला. "गुरुजी, गाडी कोणी काढली?"

मला बोलायला फार वेळ लागला असं वाटतं, पण लागला नसणार. "तुमीच म्हणाला होतात, न्या म्हणून."

सुमन दारातून ओरडली, "आवं गुरुजी, तसं तुमी येऊन मला सांगितलंत! मिस्त्री कुठं..."

"ए गप गो!" नाना म्हणाला.

मिस्त्री रडला नाही, हात जोडले नाहीत. तो चवताळला. "मी न्या म्हणालो? मी? मग दगड कुठं होता? माज्या शेडमधनं गाडी दगडाचं सांगितल्याबिगर जाते का? सांगा ना गुरुजी. चाकामागं दगड होता का?"

पाच माणसांपुढे तो तीनदा हे विचारत राहिला. हा प्रश्न किती नेमका होता! मीच त्याला खडू पुरवले होते, आणि आता पहिला ओला डाग कुठं आहे हे त्याला लख्ख दिसत होतं. पण बघणारे थेंबालाच दोष द्यायला आले होते. बौद्धवाडीतल्या मिस्त्रीचा शब्द एका बाजूला आणि आमच्या घरातल्या शिक्षकाचा दुसऱ्या. तोलायचं होतं काय? तराजूच आमचा होता. जाताना त्या चौघांनी त्याचे गोटे उचलून ओढ्यात फेकले. मी त्यांना थांबवलं नाही. खुंटीची गोष्ट त्याच्या खिशात होती, तीही त्यानं काढली नाही.

सहा महिन्यांत शेड बंद पडली. "हाताचा भरवसा नाय" एवढं पुरलं. नंतर "पितो म्हणे" त्याला चिकटलं. जे स्वतः रोज संध्याकाळी गुत्त्यावर बसायचे त्यांनीच ते पसरवलं, याची मला आजही चीड येते. पण त्यांच्यावर चिडणं मला सोपं आहे, हेही मला कळतं. ते दोघं मुरबाडला गेले. तिथं दुसऱ्याच्या गॅरेजात, त्याच्या निम्म्या वयाच्या मालकाच्या हाताखाली तो राबला. मला बाजाराला मुरबाड जवळ. मी पंधरा वर्षं शहापूरला गेलो.

दसऱ्यानंतरच्या रविवारी मात्र मी गाडी काढली आणि मुरबाडला गेलो. विचारत विचारत चढावरची एक खोली सापडली. सुमनवहिनीनं दार उघडलं, ओळखलं, आणि दारातच उभी राहिली. "या" म्हणाली नाही. आतून आवाज आला, "कोण गो?"

"तुमचे गुरुजी."

आत खाट करकरली. मग, "येऊ दे."

तो खाटेवर बसला होता. सत्तरीला टेकलेला, गुडघे गेलेले. तोंडात लवंग. मी उभ्यानंच बोलायला लागलो. चावी, दगड, नवा सदरा, माझं वाक्य, सगळं. पाठ करून गेलो होतो, तरी मध्येमध्ये अडलो. पहिल्यांदा त्याला काशीदादा म्हणालो.

त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग पाय बघितले मी त्याचे. दोन्ही अंगठे उभे.

"हे मला कशाला सांगता?" तो म्हणाला. "मला ठाऊकच हाय. सुमनला ठाऊक हाय. ज्यांना नाय त्यांना सांगा. का तिथं अजून नवा सदरा घातलाय?"

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यानं हात वर केला. "माफीबिफी नाय. काम करा." मग वेगळ्याच आवाजात, "गळते का अजून?"

"गळते."

"आणि म्हणत असतील, जुनी हाय, गळणारच."

मी मान हलवली.

"कारण असतं, गुरुजी. नेहमी असतं."

त्याच दिवशी संध्याकाळी मी घरी सांगितलं. नाना म्हणाला, "आता कशाला उकरतोस? घरातलं घरात राहू दे." घरातलं! मारलं त्याच्या दारात जाऊन, आणि खरं मात्र घरातलं! मी आयुष्यात पहिल्यांदा नानावर ओरडलो. पुतण्या एवढंच म्हणाला, "पण काका, मी ती गोष्ट किती जणांना सांगितलीय." मी म्हटलं, "तेवढ्यांना आता ही सांग." काकी भिंतीला टेकून बसली होती. मग काठीनं माझ्या पायाला टोचून म्हणाली, "पंधरा वर्सं उठता बसता त्याला शिव्या घातल्या रे मी. त्या आता परत कशा घेऊ? सांग ना, तू शिकलेला हायस."

पुन्हा मुरबाडला जायचं होतं. काम केलं, एवढं सांगायचं होतं. तालुक्यातल्या ओळखीच्या माणसांना एकेक करून सांगत सुटलो, त्यात वेळ गेला. पौषात तो गेला. मला चार दिवसांनी कळलं. मी सगळ्यांना सांगितलं हे त्याला कुणी सांगितलं की नाही, ते सुमनवहिनीला विचारायचा मला धीर झालेला नाही.

त्या रविवारी निघताना तो भिंत धरत धरत बाहेर आला होता. माझी छोटी गाडी चढावर उभी. त्यानं आधी चाकं बघितली, मग माझ्याकडे बघितलं. गटाराच्या कडेचा एक दगड त्यानं निवडला, गुडघ्यावर हात ठेवून कण्हत वाकला, आणि मागच्या चाकाला लावला. "काशीदादा, मी निघालोच," मी म्हटलं. "मग बसा," तो म्हणाला. "चालू झाली की काढतो."

मी गाडी चालू केली. त्यानं वाकून दगड काढला आणि बाजूला झाला. वळणापर्यंत तो मला आरशात दिसत होता. भिंतीला टेकलेला, आणि तो दगड अजून हातात.